मुलांच्या मानेला मार लागल्यावर या चुका टाळा

झाडावरून किंवा जिन्यावरून पडलेल्या मुलाकडे जो पहिला धावतो, तो बहुधा त्याला बखोटीला धरून उभे करतो आणि ‘काही झालं नाही, चालून दाखव बघू’ असे म्हणतो. मानेचा मणका दुखावला असेल, तर नेमक्या याच क्षणी मज्जारज्जूला आणखी इजा होऊ शकते. मुलाला पडल्या जागीच राहू द्यावे, एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी त्याचे डोके स्थिर धरावे आणि दुसऱ्याने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उलटी होऊ लागली, तर मात्र डोके, खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून सर्वांनी मिळून त्याला कुशीवर वळवावे, कारण श्वास मोकळा राहणे सर्वांत आधी.

पुढची चूक जाणत्यांच्या हातूनही होते. साधारण आठ वर्षांपर्यंत मुलाचे डोके धडाच्या मानाने मोठे, मानेचे स्नायू कच्चे आणि मणक्यांना बांधणारे अस्थिबंध सैल असतात. त्यामुळे मोठ्यांत इजा बहुधा मानेच्या खालच्या भागात होते, तर लहानग्यांत ती कवटीलगतच्या मणक्यांत अधिक आढळते. अशा मुलाला सपाट फळीवर निजवले, की मागे फुगीर असलेले डोके वर ढकलले जाते, हनुवटी छातीकडे झुकते आणि जी मान सरळ ठेवायची तीच वाकते. म्हणून खांद्यांपासून कमरेपर्यंत चादरीची घडी घालून धड दोन-तीन सेंटिमीटर वर घ्यावे. कानाचे भोक खांद्याच्या रेषेत आले की पुरे. डोक्याखाली उशी देऊ नये, आणि मोठ्यांच्या मापाचा पट्टा लहान मानेला कसाबसा अडकवू नये.

‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर निश्चिंत होणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. मुलाचा लवचीक कणा ताणला जाऊन पुन्हा जागेवर येतो, पण आतला मज्जारज्जू तितका ताण सोसत नाही. हाड शाबूत आणि रज्जू दुखावलेला, या प्रकाराला पँग आणि विल्बर्गर या मेंदू-मणक्याच्या शल्यचिकित्सकांनी 1982 मध्ये ‘स्किवोरा’ (SCIWORA) असे स्वतंत्र नाव दिले. लक्षणे काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही उमटतात. हातापायांना मुंग्या, पकड सैल पडणे, लघवी तुंबणे, किंवा मूल उठताना स्वतःचे डोके हातांनी सावरून धरत असेल, तर एमआरआय करून घ्यायला उशीर करू नये. याउलट, एक्स-रेत मानेचा दुसरा मणका तिसऱ्यावर किंचित पुढे सरकलेला दिसणे लहान वयात पुष्कळदा स्वाभाविकच असते, तेव्हा तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही.

वाकडी झालेली मान ‘बसवून’ घेण्यासाठी मालिशवाल्याकडे तर मुळीच नेऊ नये. घशाच्या संसर्गानंतरही पहिला मणका दुसऱ्यावर फिरून अडकू शकतो; लवकर दाखवल्यास औषधे आणि मऊ पट्टा बहुधा पुरतो, मात्र काही आठवडे दवडल्यास वजन लावून मान ओढणे, प्रसंगी शस्त्रक्रियाही करावी लागते. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांमधला सांधा मुळातच सैल असू शकतो, म्हणून कोलांट्या किंवा कुस्ती सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

अनेक इजा पट्ट्याने किंवा कवटीला बसवलेल्या कड्याच्या आधाराने भरून येतात. रज्जूची इजा अर्धवट असेल तर सुधारणेची आशा चांगली असते, पूर्ण असेल तर फार थोडी. आणि वाढत्या वयात लुळेपणा राहिलेल्या मुलाचा कणा पुढे बाकदार होत जातो, म्हणून वाढ थांबेपर्यंत त्याची नियमित तपासणी चालू ठेवावी लागते.