औषध दुकानांची सामूहिक खरेदी: या चुका टाळा, नाहीतर सूट कागदावरच राहते

स्वतंत्र औषध दुकानं एकत्र येऊन सहकारी संस्था काढतात तेव्हा पहिल्या सभेत एकच प्रश्न जोरात येतो: सूट किती मिळणार? खरं तर आधी विचारायला हवं ते हे की प्रत्येक दुकान आपल्या खरेदीतला किती हिस्सा संस्थेमार्फत वळवणार. पुरवठादार सभासदांच्या सह्या मोजत नाही, उचललेला माल मोजतो. सारख्याच आकाराची दोनशे दुकानं जेमतेम दहा टक्के खरेदी संस्थेकडून करत असतील, तर ऐंशी टक्के खरेदी वळवणाऱ्या साठ दुकानांची संस्था वाटाघाटीत त्यांच्यापेक्षा दुपटीहून भारी पडते. पुढच्या बऱ्याचशा चुकांचं मूळ इथेच आहे.

‘दहावर एक फ्री’ला भुलणं

औषधाचा मूळ दर १०० धरू. बाहेरचा पुरवठादार दहावर एक नग फुकट देतो, पैसे आठवड्यात मागतो. संस्थेच्या करारात त्याच औषधावर बिलातच ७ टक्के सूट आहे, ४५ दिवसांची उधारी आहे आणि अट पाळली तर वर्षअखेर ३ टक्के परतावा आहे. पहिल्या स्कीमला सर्रास ‘दहा टक्के’ म्हटलं जातं. ते चूक आहे. १००० मोजून ११ नग हाती येतात, म्हणजे नग ९०.९१ ला पडला आणि सूट ९.०९ टक्के झाली. तरी करारातल्या ९३ पेक्षा तो स्वस्तच दिसतो.

आता खप बघा. महिन्याला दोनच नग जात असतील तर अकरा नग साडेपाच महिने पुरतात. सरासरीने प्रत्येक नग पावणेतीन महिने फळीवर बसतो. अडकलेल्या पैशाचा खर्च महिन्याला १ टक्का धरला, तर तोच नग ९३.४१ ला पडतो. करारातला माल महिन्याच्या महिन्याला उचलला तर तो सरासरी पंधराच दिवस फळीवर राहतो. वर ३८ दिवसांची जादा उधारी आहे, म्हणून खरा दर ९२.३० च्या आसपास येतो. परतावा अजून धरलेलाच नाही.

महिन्याला वीस नग जाणाऱ्या औषधाला मात्र हेच गणित उलटतं. तिथे फ्री स्कीमचा नग साधारण ९१.१६ ला पडतो आणि परतावा पदरात पडला तरच करार स्वस्त ठरतो. त्यामुळे ‘संस्थेचा माल महाग’ किंवा ‘संस्थेचाच माल स्वस्त’ अशी सरसकट विधानं ऐकली की आधी त्या औषधाचा खप विचारायचा.

परतावा तुलनेच्या तक्त्यात वेगळ्या रकान्यात लिहा. तो हातात येण्याआधीच त्याच्या जोरावर विक्रीचा दर कमी केला, तर बाजारात तुरी अशी गत होते.

टक्क्याची अट न समजता सही करणं

परताव्याच्या अटी दोन तऱ्हेच्या असतात. एकीत तुमच्या एकूण खरेदीपैकी अमुक टक्के माल मुख्य पुरवठादाराकडूनच घ्यायचा असतो. दुसरीत एकूण खरेदीत जेनेरिकचा हिस्सा अमुक टक्के हवा असतो. अमेरिकेतल्या घाऊक करारांमध्ये ही अट नेहमी दिसते. सभासदांना पहिली समजते, पण नुकसान दुसरीमुळे होतं.

समजा तिमाहीची खरेदी १०० आहे आणि त्यात जेनेरिक २०. प्रमाण २० टक्के, अट १८ ची, म्हणजे सगळं ठीक. पुढच्या तिमाहीत महागड्या ब्रँडेड इंजेक्शनांची मागणी वाढली आणि त्यांची खरेदी २५ ने चढली. जेनेरिक तेवढंच, २०. एकूण खरेदी १२५. प्रमाण १६ टक्के. दुकानदाराने बाहेरून एक गोळीही घेतली नाही, तरी परताव्याची पायरी घसरली. जेनेरिकवरचा नफा वाचवायला संस्थेत आला आणि महाग ब्रँड विकल्याचा दंड भरून बसला. उपाय सहीच्या आधीच करायचा असतो: अमुक किमतीवरची औषधं आणि ठरावीक गट प्रमाण काढताना एकूण खरेदीत धरायचे नाहीत, असं करारात लिहून घ्या. सही झाल्यावर हे मागायला गेलात की पुरवठादार त्याची किंमत मागतो.

परतावा अचानक कमी आला तर भांडायला जाण्याआधी चार गोष्टी याच क्रमाने तपासा. एकूण खरेदीचा आकडा कशामुळे फुगला? पुरवठादाराकडे माल नव्हता म्हणून बाहेरून घेतलेल्या नगांची नोंद आहे का? कराराच्या यादीतलं औषध वेगळ्या कोडखाली बिलात आल्यामुळे मोजायचं राहिलं का? आणि परत पाठवलेला माल नेमका कोणत्या तिमाहीतून वजा झाला? दुसऱ्या कारणासाठी ‘माल शिल्लक नाही’ या उत्तराचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवायची सवय लावा. तोंडी सांगितलेलं तिमाहीनंतर कुणालाच आठवत नाही. प्रमाण काढायचं तेही तिमाही संपायच्या तीन आठवडे आधी, म्हणजे दुरुस्तीला वेळ उरतो.

यादी जुळवताना केलेली घाई

शंभर गोळ्यांची बाटली आणि पाचशेची बाटली यांचे दर शेजारी ठेवून तुलना करणारे तक्ते बघून हसू येतं, पण असे तक्ते समितीपुढे येतात. प्रत्येक ओळ एका गोळीच्या किंवा एका मिलिलिटरच्या दरावर आणा. नाव सारखं म्हणून औषध सारखं समजू नका: मेटोप्रोलॉल सक्सिनेट आणि मेटोप्रोलॉल टारट्रेट ही एकाच औषधाची वेगळी क्षारं आहेत. पहिलं सावकाश सुटणाऱ्या गोळीच्या रूपात दिवसातून एकदा देतात, दुसरं साध्या गोळीच्या रूपात सहसा विभागून. संगणकातल्या यादीत दोन्ही ‘मेटोप्रोलॉल ५०’ अशीच दिसतात.

काही औषधं दराच्या शर्यतीत उतरवूच नयेत. लेव्होथायरॉक्सिन, वॉरफरिन, फेनिटॉइन, टॅक्रोलिमस यांच्या मात्रेत थोडा फरक पडला तरी परिणाम बदलतो. तिमाहीला दोन टक्के वाचतात म्हणून दर वेळी कंपनी बदलली, तर रुग्णाच्या तपासण्या पुन्हा कराव्या लागतात आणि डॉक्टरांचे फोन दुकानदाराला घ्यावे लागतात. या औषधांसाठी वर्षभर एकच उत्पादक ठरवा.

बाकीच्या औषधांतही कंपनी बदलली की गोळीचा रंग आणि आकार बदलतो. घरात जुनी पांढरी गोळी शिल्लक असते, नवी गुलाबी मिळते, आणि रुग्ण दोन्ही घेतो. बदलाच्या पहिल्या महिन्यात पाकिटावर ‘औषध तेच, रूप नवं’ अशी चिठ्ठी लावणं आणि जुनी गोळी दाखवून विचारणं, एवढं सगळ्या सभासदांनी करायचं ठरवा.

गोदामाची घाई आणि मालाची वाटणी

संस्था दोन पद्धतींनी चालते. एकीत संस्था फक्त करार करते. माल आणि बिल पुरवठादाराकडून थेट दुकानात जातं. दुसरीत संस्था स्वतःच घाऊक विक्रेता बनते. जर्मनीत एसेन इथे १९३९ मध्ये सुरू झालेली नोवेडा आणि स्पेनमधली, माद्रिदची १९४४ ची कोफारेस या फार्मासिस्टांच्या मालकीच्या संस्था दुसऱ्या वाटेवर मोठ्या झाल्या. त्यांच्याकडे बघून नव्या संस्थेने पहिल्याच वर्षी गोदाम घेऊ नये. गोदाम म्हणजे परवाना, जबाबदार फार्मासिस्ट, तापमानाच्या नोंदी, विमा, मुदत संपलेला माल आणि सगळ्यांत वाईट म्हणजे अडकलेलं भांडवल. सभासद करार किती पाळतात ते निदान वर्षभर दिसल्याशिवाय त्यात पडू नका.

मधली पळवाट म्हणून एकाच दुकानाच्या नावावर मोठी ऑर्डर देऊन माल आपसात वाटून घेतला जातो. दुसऱ्या दुकानाला माल देणं हे पुष्कळ देशांच्या कायद्यात घाऊक विक्री ठरतं आणि त्याला वेगळा परवाना लागतो. अमेरिकेत २०१३ च्या औषध पुरवठा साखळी सुरक्षा कायद्याने व्यवहारागणिक माहिती पुढे देणं बंधनकारक केलं. ठरावीक रुग्णाच्या गरजेपुरती एका दुकानाने दुसऱ्याला दिलेली औषधं त्यातून वगळली आहेत, साठा वाढवण्यासाठी दिलेली नाहीत. परवान्याचा प्रश्न सुटला तरी बॅचचा उरतो. उत्पादकाने बॅच परत मागवली की ती कोणत्या सभासदाकडे किती गेली हे तासाभरात सांगता आलं पाहिजे. प्रत्येक सभासदाच्या बिलावर बॅच नंबर आणि मुदत छापलेली नसेल तर ते जमत नाही. तपासून बघायचं असेल तर जुना एखादा बॅच नंबर घ्या, घड्याळ लावा आणि शोधा.

माल उतरवताना आधी थंड पेट्या, मग बाकीचं. २ ते ८ अंशांचा माल खाली, त्यावर सिरपची खोकी आणि कर्मचारी बिल जुळवतोय, हे नेहमीचं दृश्य. पेटी उघडताच तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा आकडा बघा आणि इन्सुलिनची डबी बर्फाच्या विटेला थेट टेकलेली नाही ना, ते बघा. गोठून वितळलेलं इन्सुलिन दिसायला नेहमीसारखं असू शकतं, पण ते वापरायचं नसतं. उष्णतेइतकीच थंडीचीही काळजी घ्यावी लागते आणि हे विसरलं जातं.

उरलेली मुदत किती हवी तेही करारात लिहा. ‘ताजा माल’ या शब्दाला अर्थ नाही. ‘दुकानात पोचताना किमान १२ महिने मुदत शिल्लक, कमी असेल तर पूर्ण किमतीची क्रेडिट नोट’ याला आहे. भरघोस सवलतीमागे बहुधा जवळ आलेली मुदत असते.

एकाच्या उधारीला सगळे जामीन

पुरवठादार संस्थेच्या नावावर एकत्रित उधारी देतो तेव्हा दर चांगला मिळतो, पण एक दुकान थकलं की सगळ्यांचा पुरवठा अडतो. प्रत्येक सभासदाची मर्यादा वेगळी ठेवा, मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी खरेदीवर ती बांधा आणि थकबाकी ठरल्या दिवसांपलीकडे गेली की ऑर्डर आपोआप थांबेल अशी सोय सॉफ्टवेअरमध्येच करा. अध्यक्षांच्या शब्दावर सवलत ही सोय ठेवली की मर्यादा उरत नाही.

फी आणि परताव्याचा हिशोब झाकून ठेवणं

पुरवठादाराकडून संस्थेला प्रशासकीय फी मिळते, ती किती हे सभासदांना माहीत नसतं आणि तिथून संशय सुरू होतो. अमेरिकेत सामूहिक खरेदी संस्थांना लाचविरोधी कायद्यातून संरक्षण हवं असेल, तर सभासदाशी लेखी करार हवा. फी खरेदीच्या ३ टक्के किंवा त्याहून कमी आहे, नाहीतर नेमकी किती किंवा जास्तीत जास्त किती, हे त्यात लिहावं लागतं. शिवाय प्रत्येक पुरवठादाराकडून किती मिळालं ते वर्षातून निदान एकदा लेखी कळवावं लागतं. हा नियम तुमच्या देशात नसला तरी तसाच्या तसा उपविधीत घाला.

वाटणी भागभांडवलावर करू नका, खरेदीच्या प्रमाणात करा. १८४४ पासून इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या सहकारी दुकानाने हेच केलं. परतावा ज्या मालावर मिळाला त्याच मालाच्या खरेदीवर वाटा. जेनेरिकवर मिळालेला परतावा एकूण उलाढालीवर वाटला, तर महाग ब्रँड विकणारं दुकान दुसऱ्याच्या मेहनतीचं खातं आणि जेनेरिक वळवणारा पुढच्या वर्षी हात आखडता घेतो.

सरकारदरबारी बाजू मांडताना

एकत्र खरेदी करणं आणि एकत्र विक्रीदर ठरवणं यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘या विमा योजनेची प्रिस्क्रिप्शनं उद्यापासून कुणीही घ्यायची नाहीत’ असा संस्थेच्या ग्रुपवरचा मेसेज स्पर्धा कायद्याखाली पुरावा ठरतो. अमेरिकेत औषध दुकानदारांच्या संघटनांवर अशा सामूहिक नकारासाठी कारवाई झालेली आहे. योजना सोडायची की नाही हे प्रत्येक दुकानाने एकटं ठरवायचं. खरेदीलाही सरसकट मुभा नसते: तिथे १९९६ च्या मार्गदर्शक निवेदनात सामूहिक खरेदीसाठी सुरक्षित मर्यादा दिलेल्या होत्या, पण ते निवेदन २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. जुन्या पत्रकावर विसंबून उपविधी लिहिले असतील तर वकिलाला पुन्हा दाखवा.

मागणी नेमकी कशी असावी याचा नमुना अमेरिकेतल्या अर्कान्सॉ राज्याच्या २०१५ च्या ९०० क्रमांकाच्या कायद्यात दिसतो. औषध लाभ व्यवस्थापक कंपन्यांनी (विमा योजनांच्या वतीने दुकानांना औषधांचे पैसे चुकवणाऱ्या) दुकानाला खरेदीपेक्षा कमी पैसे देऊ नयेत, घाऊक दर वाढले की आपली दरयादी वेळेत सुधारावी, दुकानाला दाद मागता यावी आणि तोटा होत असेल तर औषध द्यायला नकार देता यावा, अशी कलमं त्यात होती. कंपन्यांच्या संघटनेने त्याला आव्हान दिलं आणि १० डिसेंबर २०२० ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८-० ने राज्याच्या बाजूने निकाल दिला. ‘छोट्या दुकानांना वाचवा’ या निवेदनातून असं कलम लिहिता येत नाही.

आकडे देताना हमखास होणारी चूक म्हणजे तोटा बिलाच्या दरावर दाखवणं. समोरचा पहिला प्रश्न हाच विचारतो की परतावा धरून तोटा किती. तो वजा केल्यावर निम्मी उदाहरणं गळत असतील तर ती सभेत गळण्याऐवजी आधीच काढा. प्रत्येक नोंदीत औषधाचा कोड, नग, निव्वळ खरेदी दर, मिळालेली रक्कम, दाद मागितल्याची तारीख आणि तिचं उत्तर हवं. दाद न मागताच केलेली तक्रार कुणी मनावर घेत नाही.

रुग्णाचं नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली असं नाही. लहान गाव, दुर्मीळ आजाराचं औषध आणि नेमकी तारीख या तिन्ही गोष्टी एका ओळीत आल्या की गावातला कुणीही ती व्यक्ती ओळखतो. तक्ता बाहेर पाठवताना तारखेऐवजी तिमाही लिहा, गावाऐवजी जिल्हा लिहा, आणि पाचपेक्षा कमी रुग्णांना दिलेल्या औषधांच्या ओळी एकत्र करून ‘इतर’ मध्ये टाका. मूळ नोंदी दुकानातच राहू द्या. संस्थेकडे फक्त हा तक्ता जाऊ दे.