ऑटोकॅडमध्ये स्वतःचा टूलबार बनवताय? आधी एवढं वाचा

आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल करून मी पुण्यात एका आरसीसी कन्सल्टंटकडे लागलो. ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर येत होतं, पण स्पीड नव्हता. शेजारच्या सीनियरची कॉलम शीट दुपारपर्यंत प्लॉटला जायची, माझी संध्याकाळीही अर्धीच असायची. रात्री खोलीवर जाऊन रडू यायचं. म्हणून टूलबारच्या, म्हणजे स्वतःच्या बटणांच्या पट्टीच्या, मागे लागलो. तुम्हीही त्याच ताणात असाल तर घाबरू नका, ही गोष्ट जमते.

मात्र लाइन, कॉपी, ट्रिमसाठी बटणं बनवत बसू नका. त्यांना डाव्या हाताने एक-दोन अक्षरं टाइप करणं कधीही जलद. बटण अशा कामाला करा, जिथे रोज तीन-चार कमांड एकामागोमाग द्याव्या लागतात. माझं पहिलं बटण डायमेन्शनचं, म्हणजे मापं टाकायचं होतं : लेयर (ड्रॉइंगचा थर) बदलायचा आणि लगेच लिनियर डायमेन्शन सुरू करायचं. सीयूआय (बटणं आणि मेनू बदलायची ऑटोकॅडची खिडकी) उघडून नवी कमांड घेतली की मॅक्रोचा, म्हणजे बटण दाबल्यावर ओळीने चालणाऱ्या कमांडांचा, रकाना मिळतो. सुरुवातीला कॅरेट-सी (^C) दोनदा, म्हणजे आधीची अर्धवट कमांड रद्द होते. मग लेयर कमांड, पण आधी हायफन लावून, नाहीतर लेयरची खिडकी उघडून काम तिथेच थांबतं. सेटचा एस, लेयरचं नाव आणि दोन अर्धविराम (;) : एक नाव स्वीकारायला, दुसरा कमांडमधून बाहेर पडायला. शेवटी डायमेन्शनची कमांड. मॅक्रोमध्ये अर्धविराम म्हणजे एंटर आणि रिकामी जागा म्हणजेसुद्धा एंटर. बॅकस्लॅश म्हणजे माणसाच्या क्लिकची वाट बघणं. त्यामुळे ब्लॉकच्या फाइलचा पत्ता देताना उलट्या रेघेऐवजी (\) सुलटी रेघ (/) द्या. यात माझे दोन दिवस गेले होते.

आता खरा खड्डा. मी सगळी बटणं ऑटोकॅडच्या मुख्य सीयूआय फाइलमध्येच बनवत गेलो. दीड वर्षात चाळीसेक बटणं झाली. एक दिवस मशीन अडखळायला लागलं, म्हणून ऑफिसमधल्या एकाने सेटिंग रिसेट केलं. बॅकअप घेऊन रिसेट करण्याचा पर्यायही तिथे होता, त्याने साधा रिसेट दाबला. मुख्य फाइल कोरी झाली. दुसऱ्या दिवशी साइटवर स्लॅबचं कास्टिंग होतं, शीट त्याच रात्री जायची होती, आणि स्क्रीनवर माझं एकही बटण नाही. त्या माणसाची चूक नव्हती. चूक जागेची होती.

म्हणून पहिल्याच दिवशी हे करा. सीयूआयच्या ट्रान्सफर टॅबमध्ये उजवीकडे नवी फाइल करा आणि ती डी ड्राइव्हवर तुमच्या फोल्डरमध्ये सेव्ह करा. तिच्या कस्टमायझेशन ग्रुपला स्वतःचं वेगळं नाव द्या, कारण त्या नावाचा ग्रुप आधीच लोड असेल तर फाइल लोड होत नाही. मग सीयूआयलोड कमांडने ती पार्शल फाइल, म्हणजे मुख्य फाइलला जोडलेली वेगळी फाइल, म्हणून जोडा. नवीन टूलबार आणि नवीन कमांड करताना डावीकडे वर कोणती फाइल निवडलेली आहे ते दर वेळी बघा. दर वेळी. डोळा चुकला की बटण पुन्हा मुख्य फाइलमध्ये जातं, आणि ते कळतं पुढच्या रिसेटलाच. पार्शल फाइल वेगळी असली की रिसेट होवो, मशीन बदलो, सीयूआयलोड केलं की टूलबार परत. पेन ड्राइव्हवर एक कॉपी ठेवा.

बटणांच्या पुढे जाऊन ऑटोकॅडसाठी प्रोग्रॅम लिहायचे तर प्रोग्रॅमिंगची भाषा लागते. तिच्या बाबतीतही मी असाच आपटलो होतो. ऑटोकॅड २००८ वर असताना एका सरांनी व्हीबीए ही मायक्रोसॉफ्टची भाषा शिकायला सांगितलं. एक्सेलमध्ये तेच चालतं म्हणून मलाही पटलं. आठ महिने घातले. ऑटोकॅड २०१० पासून व्हीबीए सॉफ्टवेअरबरोबर इन्स्टॉल होणंच बंद झालं, ते वेगळं डाउनलोड करावं लागू लागलं. आमच्या ऑफिसात ते कोणी टाकलं नाही आणि माझा कोड पडून राहिला. तुम्हाला भाषा सुचवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : गेल्या महिन्यात तुम्ही स्वतः त्यात काय लिहिलंत? उत्तर आलं नाही तर सल्ला बाजूला ठेवा.

ड्रॉइंगचंच काम असेल तर ऑटोलिस्प (थोडक्यात लिस्प) ही ऑटोकॅडची स्वतःची भाषा घ्या, असं माझं ठाम मत आहे. ती १९८६ पासून ऑटोकॅडमध्ये आहे. ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड अशा ऑटोकॅडसारख्या सॉफ्टवेअरवरही साधी लिस्प बहुतेक तशीच चालते. ऑफिसात एलटी (ऑटोकॅडची स्वस्त, कमी सोयींची आवृत्ती) असेल तर व्हर्जन बघा, एलटीमध्ये लिस्प २०२४ च्या व्हर्जनपासून आली. त्याआधीच्या एलटीवर मॅक्रोवरच भागवावं लागतं. सी शार्प ही भाषा ताकदवान आहे, पण ती ज्यावर चालते त्या डॉट नेटचं ८ व्हर्जन ऑटोकॅड २०२५ मध्ये आल्यावर जुने प्रोग्रॅम नव्याने बांधावे लागले. ती पाळी सुरुवातीलाच कशाला? पायथन सगळे सुचवतात. ऑटोकॅडला ती बाहेरून जोडावी लागते. रेव्हिट (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) आणि त्यातल्या डायनॅमो या प्रोग्रॅमिंगच्या साधनाकडे जायचं पक्कं असेल, तर मात्र पायथनच शिका.

दुसऱ्यांनी लिहिलेल्या आयत्या लिस्प, म्हणजे लिस्पमधले तयार प्रोग्रॅम, वापरू नका असं मी म्हणत नाही. पण ओस्नॅप (लाइन नेमक्या टोकाला पकडून देणारी सोय) बंद करणारी लिस्प मध्येच एस्केप दाबल्यावर तो परत चालू करते का, हे तपासल्याशिवाय कोणतीही चालू शीटवर लावू नका. ओस्नॅप बंद राहिला तर पुढच्या लाइनी टोकाला लागल्यासारख्या दिसतात आणि लागलेल्या नसतात. साइटवर त्याच मापाने सळ्या कापल्या जातात.

पहिली लिस्प छोटी घ्या : निवडलेल्या सगळ्या लाइनींची एकूण लांबी सांगणारी. दहा-पंधरा ओळींत होते. ऑफिस सुटल्यावर रोज अर्धा तास दिलात तर आठवड्यात उभी राहील. लोडच झाली नाही तर आधी कंस मोजा. माझ्या पहिल्या लिस्पमध्ये शेवटचा एक कंस राहिला होता, तो सापडायला तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशी बीमच्या सळ्यांची लांबी खाली कमांड लाइनवर आली, आणि कॅल्क्युलेटरवर मी ती दोनदा पडताळून पाहिली.