टीव्हीवर कम्प्युटरचा गेम

सामान एकच, एचडीएमआय वायर, म्हणजे लॅपटॉपचं चित्र अन् आवाज टीव्हीवर नेणारी वायर. ५ मीटरची घ्या, म्हणजे लॅपटॉप कूलरच्या पाण्यापासून लांब राहतो आणि पोट्टे पाय अडकून पडत नाहीत. एक टोक लॅपटॉपला लावा, दुसरं टीव्हीला. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय नंबरात वायर लावली, रिमोटनं तोच नंबर निवडा. मग लॅपटॉपवर विंडोजचं बटन आणि पी सोबत दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ करा. आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर स्पीकरच्या चिन्हावर जाऊन टीव्ही निवडा.

खरी कटकट पुढं आहे. बटन दाबल्यावर गाडी उशिरा वळते, अन् पोट्टे लॅपटॉपला शिव्या देतात. बहुतेक वेळा दोष टीव्हीचा असतो. तो चित्र सजवत बसतो. पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड लावा, हात लगेच मोकळा होतो. जुन्या टीव्हीत तो नसेल तर चित्र गुळगुळीत करणारे सारे पर्याय बंद करा. गेम अडकत चालला तर रिझोल्युशन, म्हणजे चित्राचा बारीकपणा, १०८० वरून ७२० वर आणा. खाटेवरून आमच्या आबाजींना फरक दिसत नाही, खरं सांगू तर मलाही नाही.

लाइन गेली तर वायर उपसा. लॅपटॉप बॅटरीवर असतो, गेम त्याच्याच पडद्यावर येतो.