क्रूझच्या आधी उत्तर इटलीत रेल्वेने दोन दिवस: नियोजन बंदरापासून उलटं करा

‘इटलीत गाड्या भरपूर आहेत. सकाळी मिलानहून निघा, दुपारी जहाजात बसा.’ हा सल्ला ज्याला त्याला दिला जातो. गाड्या भरपूर आहेत हे खरंच आहे. पण हा सल्ला पाठीवर एक सॅक घेऊन एकट्याने फिरणाऱ्याच्या कामाचा. चार माणसं, पाच बॅगा, त्यात गुडघे दुखणारी आई, आणि कोणासाठीही न थांबणारं जहाज असा मामला असेल, तर क्रम उलटा लागतो. आधी बंदर, मग बंदरगावातली शेवटची रात्र, मग तिथे नेणारी गाडी आणि सगळ्यात शेवटी फिरायचं गाव. बहुतेक जण गावापासून सुरुवात करतात आणि शेवटच्या दिवशी तोंडाला फेस येईपर्यंत धावतात.

बंदर नेमकं कोणतं, ते कागदावर बघा

बुकिंगवर ‘व्हेनिस’ असं लिहिलंय म्हणून जहाज व्हेनिसलाच लागेल असं धरू नका. १ ऑगस्ट २०२१पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना सान मार्को चौकासमोरून आणि जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. तेव्हापासून ‘व्हेनिस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सफरी प्रत्यक्षात त्रिएस्ते किंवा रावेन्नाहून सुटतात, तर काही व्हेनिसलगतच्या मार्गेरा इथल्या मालवाहू धक्क्यावरून. त्रिएस्ते व्हेनिसच्या पूर्वेला आणि रावेन्ना दक्षिणेला, दोन्ही रस्त्याने दीडेकशे किलोमीटरवर. ब्रोशर बाजूला ठेवा आणि बोर्डिंगच्या कागदावर टर्मिनलचं नाव वाचा.

त्रिएस्तेला जहाज मोलो बेर्साल्येरी या धक्क्यावर, शहराच्या मुख्य चौकाला लागूनच उभं राहतं. स्टेशनपासून समुद्राकडेने सपाट रस्ता आहे, बॅगा ओढत वीसेक मिनिटं लागतात. जेनोआला प्रिंचिपे स्टेशनपासून धक्का पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे, पण तिथे ब्रिन्योले नावाचं दुसरं मोठं स्टेशनही आहे, तिथे उतरू नका. रावेन्नाचं टर्मिनल मात्र रावेन्नात नाही. ते पोर्तो कोर्सिनीला, स्टेशनपासून पंधराएक किलोमीटरवर आहे. तिथे टॅक्सी किंवा जहाज कंपनीची बस घ्यावी लागते, आणि बोर्डिंगच्या दिवशी टॅक्सीसाठी झुंबड असते. टॅक्सी आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या काउंटरवर सांगून ठेवा.

बंदराच्या वाटेवरचं एकच गाव

दोन रात्रींत कोमो सरोवर, वेरोना आणि व्हेनिस बसवायचा अट्टहास नको. जहाज त्रिएस्तेहून असेल तर वेरोना किंवा पादोवा. रावेन्नाहून असेल तर बोलोन्या, किंवा सरळ रावेन्नाच. तिथली आठ प्राचीन ख्रिस्ती स्थळं १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. सान व्हिताले आणि गाला प्लाचीदियाची समाधी यांतलं मोझेइक बघायला अर्धा दिवस सहज जातो, दांतेची कबरही चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जेनोआ किंवा साव्होना असेल तर मिलानला राहून एक दिवस वारेन्नाला जाऊन या. मिलानो चेंत्राले या मुख्य स्टेशनहून तासाभरात गाडी कोमोच्या काठावर सोडते आणि फेरीबोटीने पंधरा मिनिटांत बेलाज्जोला पोचता.

पुढचा सगळा हिशेब मिलान–वेरोना–त्रिएस्ते या मार्गाचा. वेरोनाला पोर्ता नुओवा स्टेशनापासून रोमन अरेनाचा चौक दीड किलोमीटरवर आहे. पेस्किएरा, म्हणजे गार्दा सरोवराचा काठ, लोकल गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. उन्हाळ्यात अरेनात ऑपेरा असतो आणि त्या रात्री हॉटेलचे दर चढतात, तेव्हा तारीख बघूनच खोली घ्या. पादोवाला जोत्तोची चित्रं असलेलं स्क्रोवेन्यी चॅपल आधी वेळ आरक्षित केल्याशिवाय बघायला मिळत नाही.

व्हेनिस बघायचंच असेल तर एका दिवसाची चक्कर मारा. क्रूझच्या बॅगा घेऊन तिथे मुक्काम करू नये. प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत आणि चाकांची बॅग तिथे ओझंच ठरते. ठरावीक दिवशी येऊन-जाऊन फिरणाऱ्यांकडून शहर प्रवेशशुल्क घेतं. २०२४ पासून हे सुरू आहे, तेव्हा आपला दिवस त्यात येतो का ते बघून घ्या.

व्हिसा

विमान उतरतं त्या दिवसापासूनचे दिवस मोजा, जहाज सुटतं त्या दिवसापासूनचे नव्हे. एड्रियाटिकच्या सफरीत मॉन्टेनेग्रोचं कोटोर असेल तर मल्टिपल एंट्रीच मागा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत आहे, मॉन्टेनेग्रो नाही.

उतरल्या दिवशीचं तिकीट

मिलानच्या मालपेन्सा विमानतळावर उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगा यांत किती वेळ जाईल ते सांगता येत नाही. ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे रांग आणखी सावकाश सरकते. मालपेन्सा एक्सप्रेसने मिलानो चेंत्रालेला जायला साधारण तास धरा.

म्हणून या दिवशी वेगवान गाडीचं ‘सुपर इकॉनॉमी’ तिकीट काढू नका. ते स्वस्त असतं, कारण ते बदलता येत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. विमान दोन तास उशिरा आलं की ते तिकीट गेलं. ‘बेस’ तिकीट गाडी सुटण्याआधी हवं तितक्या वेळा आणि सुटल्यावर तासाभरात एकदा बदलता येतं. त्याहून सोपं म्हणजे चेंत्रालेला पोचल्यावर रेजिओनाले, म्हणजे साध्या प्रादेशिक गाडीचं तिकीट काढणं. तिला आरक्षण नसतं, भाडं ठरलेलं असतं, आज काढा की महिनाभर आधी. वेरोनाला फ्रेच्चारोसा या वेगवान गाडीने सव्वा तास लागतो, रेजिओनालेने दोनच्या आसपास. वाचलेल्या पाऊण तासासाठी जीव टांगणीला लावायची गरज नाही.

तिकिटाच्या मशीनपाशी ‘मदत’ करायला येणाऱ्यांना मान हलवून नाही म्हणा.

शेवटचा टप्पा: इथेच सगळे फसतात

बंदरगावात आदल्या संध्याकाळी नव्हे, आदल्या दुपारी पोचा. बोर्डिंगच्या दिवशी रेल्वेने शहर बदलायचं नाही. यावर वाद घालणारे बरेच भेटतील, त्यांना घालू द्या. ‘जहाज पाच वाजता सुटतं, आम्ही एक वाजता पोचतो, चार तास हातात आहेत’ असा हिशेब ते मांडतात. पण चेक-इन जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं, बहुतेक कंपन्यांचं तास-दीड तास आधी, आणि बोर्डिंगची वेळ तर तुम्हाला आधीच ठरवून दिलेली असते. शिवाय जहाज कंपनीच्या बसला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं. तुमच्या तिकिटाची गाडी उशिरा आली तर ते थांबत नाही.

उशिरापेक्षा मोठी भीती संपाची. इटालियनमध्ये शोपेरो. इटलीत रेल्वेचे संप वारंवार होतात, पण ते अचानक कोसळत नाहीत. कायद्याने किमान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संपांची यादी तारखेनिशी असते. प्रवासाच्या दहा दिवस आधी ती बघा आणि मग दर दोन दिवसांनी. संप पुष्कळदा रात्री नऊला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी रात्री नऊला संपतो. म्हणजे यादीत शुक्रवार दिसला तरी गुरुवारी रात्रीची गाडीही धोक्यात असते. संप सुरू होताना धावत असलेली गाडी तासाभरात शेवटच्या स्टेशनला पोचणार असेल तरच पुढे नेतात, नाहीतर ती मध्येच थांबवू शकतात.

‘संपातही सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ गाड्या सुटतातच’ हे वाक्य तुम्हाला दहा जण ऐकवतील. ते अर्धंच खरं आहे. रेजिओनाले गाड्यांची ही हमी कामाच्या दिवसांपुरती असते. रविवारी आणि सणाच्या दिवशी ती नसते, आणि पुष्कळ क्रूझ शनिवार-रविवारी सुटतात. वेगवान गाड्यांपैकी काही संपातही सोडतात, त्यांची यादी गाडीच्या क्रमांकासह प्रसिद्ध होते. क्रमांक जुळला तरच विश्वास ठेवा. संप तुमच्या तारखेवर आलाच तर एक दिवस आधी निघा. ते जमत नसेल तर मेस्त्रेहून, म्हणजे व्हेनिसच्या जमिनीवरच्या भागातून, त्रिएस्तेला जाणाऱ्या खासगी बसमध्ये लगेच जागा धरा. संपाच्या आदल्या संध्याकाळी ती मिळेलच असं नाही. तिकिटाचे पैसे परत मिळतील, पण सुटलेलं जहाज पुढच्या बंदरावर स्वखर्चाने गाठावं लागतं.

आता प्रत्यक्ष गाडी. वेरोनाहून त्रिएस्तेला जाताना बहुधा मेस्त्रेला गाडी बदलायची असते. मेस्त्रेलाच. व्हेनिसच्या पाण्यातल्या सांता लुचिया स्टेशनपर्यंत जाऊन परत यायचं नाही. ॲप आठ-दहा मिनिटांत गाडी बदलणं सुचवतं. बॅगा घेऊन भुयारी मार्गाने फलाट बदलायचा असेल तर किमान अर्धा तास ठेवा. सकाळी दहाला वेरोना सोडलं की दोनच्या सुमारास त्रिएस्ते येतं.

त्रिएस्तेला जाणाऱ्या रेजिओनाले गाड्या दोन वाटांनी जातात, हे कोणी सांगत नाही. पोर्तोग्रुआरोमार्गे दोनेक तास लागतात, उदिनेमार्गे त्याहून बराच जास्त वेळ जातो. फलाटावरच्या फळ्यावर दोन्हींपुढे ‘त्रिएस्ते चेंत्राले’ असंच असतं आणि तिकिटावर मार्ग छापलेला असतो. एका मार्गाचं तिकीट काढून दुसऱ्या गाडीत बसलात तर तपासनीस वाद ऐकून घेत नाही. बसताना उजवी बाजू धरा. मोन्फाल्कोनेनंतर त्या बाजूला समुद्र दिसतो.

गाडी ओळखायची ती क्रमांकावरून. फळ्यावर शेवटच्या स्टेशनचं नाव असतं, तुमच्या नव्हे. मिलानहून वेरोनाला जायचं असेल तर फळ्यावर पुष्कळदा वेनेझिया (व्हेनिस) दिसेल आणि वेरोना शोधणारा माणूस गाडी सुटेपर्यंत शोधतच राहील. ‘बिनारिओ’ म्हणजे फलाट. चेंत्रालेला त्याचा आकडा फळ्यावर गाडी सुटण्याच्या जेमतेम दहा-पंधरा मिनिटं आधी लागतो, म्हणून फळ्याखाली बॅगांसकट तयार उभे राहा. ‘रितार्दो’ म्हणजे उशीर, त्यापुढचा आकडा मिनिटांत असतो.

कागदी रेजिओनाले तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या पेटीत घालून त्यावर वेळ उमटवा. तिथून ते चार तास चालतं. मोबाइलवरच्या तिकिटाचं चेक-इन गाडीत चढण्यापूर्वी करा. तिकीट खिशात आहे पण शिक्का नाही, अशा प्रवाशालाही दंड होतो आणि ‘आम्ही पर्यटक आहोत’ हे कारण तिथे रोजचं झालं आहे.

बॅगा

अठ्ठावीस इंची बॅग दर माणशी एकच. रेजिओनालेत चढताना अनेक ठिकाणी पायऱ्या असतात आणि गाडी एक-दोन मिनिटंच थांबते. आधी एक माणूस वर, मग बॅगा, मग बाकीचे. स्टेशन यायच्या पाच मिनिटं आधी दाराशी या.

बोर्डिंगची सकाळ

खोली सोडा, निघेपर्यंत बॅगा हॉटेलवर ठेवा, ठरलेल्या वेळेला त्या घेऊन धक्क्यावर जा. जहाजाच्या चिठ्ठ्या बॅगांना हॉटेलवरच लावा, धक्क्यावर ताब्यात दिलेल्या बॅगा केबिनमध्ये कधीकधी संध्याकाळी पोचतात. पासपोर्ट, औषधं, चष्मा आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा.