कॉलेजात असताना आजारी पडलात किंवा डोकं जड झालं तर नक्की जायचं कुठे? ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी

स्टेप १: फीची पावती वाचा

यावर्षीची पावती काढा, फोनमध्ये पीडीएफ असेल नाहीतर आईच्या फाईलमध्ये असेल. ट्यूशन फीच्या खाली ज्या बारक्या बारक्या रकमा असतात ना, ज्या कोणी वाचत नाही, त्या वाचा. मेडिकल, ग्रुप इन्शुरन्स, स्टुडंट वेल्फेअर असं काहीबाही बहुतेक पावत्यांवर सापडतं. मी ठाण्यात एका कॉलेजच्या ऑफिसात खिडकीवर बसते, मेडिकल, म्हणजे आजारपणाचं सर्टिफिकेट, जमा करायला पोरांची रांग लागते पण इन्शुरन्सचा फॉर्म मागायला क्वचितच कोणी येतं. अहो पैसे तुम्ही भरलेत. ऑफिसात जाऊन सरळ विचारा की हा इन्शुरन्स कशाला लागू आहे (बऱ्याचदा अपघातापुरताच असतो, तापाची बिलं त्यात बसत नाहीत), क्लेम किती दिवसांत टाकायचा आणि कागद कुठले लागतात. उत्तर लेखी मागा किंवा निदान पॉलिसीचा फोटो काढून ठेवा.

स्टेप २: काउन्सेलर आहे का, आणि कधी असतो

"आमच्याकडे काउन्सेलर आहे" हे वाक्य प्रत्येक कॉलेजच्या प्रॉस्पेक्टसमध्ये असतं. तुम्ही विचारायचं की कुठल्या वारी, किती वाजता, कुठल्या मजल्यावर, आणि तो माणूस शिकलेला काउन्सेलर आहे की ज्या मॅडमना लेक्चर कमी आहेत त्यांनाच ही जबाबदारी दिलीय. हा प्रश्न विचारायला लाजू नका. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की जिथे शंभर किंवा जास्त विद्यार्थी आहेत तिथे निदान एक प्रशिक्षित काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट नाहीतर सोशल वर्कर पाहिजे. त्यामुळे तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात.

अजून एक, केबिन कुठे आहे ते बघा. प्रिन्सिपलच्या केबिनला लागून असेल आणि बाहेर सगळा वर्ग व्हायवाच्या रांगेत उभा असेल तर तिथे कोण जाणार? अशा वेळी ईमेलवर अपॉइंटमेंट मागा, लायब्ररीत किंवा फोनवर बोलता येईल का विचारा. पहिल्या भेटीतच विचारा की मी जे सांगीन ते कोणाकोणाला कळेल. काउन्सेलिंगमधलं बोलणं गुप्त राहिलं पाहिजे, जिवाला धोका आहे असं वाटलं तरच बाहेर सांगतात. चांगला काउन्सेलर हे स्वतःहूनच सांगतो. नाही सांगितलं, टाळाटाळ केली, तर तिथे उठून बाहेरचा रस्ता धरायचा, त्यात काही चुकीचं नाही.

स्टेप ३: बाहेरची ठिकाणं माहीत करून घ्या, तब्येत बरी असतानाच

ताप चढलेला असताना मॅपवर हॉस्पिटल शोधणं म्हणजे नुसती दमछाक, म्हणून हे आधी करून ठेवायचं. ठाण्यात सिव्हिल हॉस्पिटल, म्हणजे विठ्ठल सायन्ना, ते टेंभी नाक्याजवळच्या जुन्या जागी शोधत बसू नका, तिथे नव्या इमारतीचं काम निघालं तेव्हा २०२३ मध्ये ते मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलंय, जायच्या आधी एकदा विचारून घ्या. कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल आहे. नवी मुंबईत वाशीचं सार्वजनिक रुग्णालय, ऐरोलीचं राजमाता जिजाऊ, नेरूळचं मीनाताई ठाकरे, आणि खाली पनवेलला उपजिल्हा रुग्णालय. ट्रान्स हार्बरच्या लोकलनं (ठाणे ते वाशी-पनवेल) रोज जा-ये करणाऱ्यांना यातलं एखादं तरी वाटेतच पडतं.

राज्य सरकारच्या आरोग्य खात्याची जी हॉस्पिटलं आहेत, सिव्हिल, उपजिल्हा वगैरे, तिथे १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं फुकट आहे. महापालिकेच्या हॉस्पिटलांना हा नियम लागू नाही, तिथे केसपेपरचे थोडे पैसे लागू शकतात. ओपीडी सकाळची असते, लवकर जा, अकराला निवांत पोचलात तर रांगच संपणार नाही. जळगाव, सिंधुदुर्ग कुठूनही येऊन कोपरखैरण्याला पीजीत राहत असाल आणि आधारवर गावचा पत्ता असेल तरी केसपेपर निघतो, घाबरू नका.

अॅडमिट व्हायची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं विचारा. वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं कव्हर आहे, पण फक्त योजनेतल्या हॉस्पिटलात आणि ठरलेल्या आजारांना. त्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र म्हणून एक टेबल असतं, बिल भरायच्या आधी तिथे जायचं, नंतर नाही. रेशनकार्ड गावाला असेल तर घरच्यांना आजच फोटो पाठवायला सांगा.

स्टेप ४: ताप, खोकला, पाणी

इथे पावसाळा आला की वर्ग अर्धा रिकामा होतो. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर रक्त तपासायचं, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि डॉक्टर म्हणतील ते. डेंग्यूचा संशय असेल तर आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन मनानं घ्यायचं नाही, त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो. रूममेटच्या डब्यातली लाल गोळी, पिवळी गोळी हा प्रकार तर बंदच करा.

तुंबलेल्या पाण्यातून चालत स्टेशन गाठलं असेल, त्यात पायाला कापलेलं खरचटलेलं असेल, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, असल्या घाण पाण्यातून होणारा ताप) भीती असते. ताप यायची वाट न बघता एकदोन दिवसांत डॉक्टरला सांगा की मी पाण्यातून आलोय, गरज वाटली तर ते आधीच गोळी देतात.

दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, सरकारीत फुकट होते. एका पीजीच्या खोलीत चार-पाच जण झोपतात, खिडकी उघडत नाही, तिथे टीबी पसरायला काय लागतं! टीबी निघाला तर औषधं फुकट मिळतात आणि निक्षय पोषण योजनेत महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. एचआयव्ही तपासणी आयसीटीसीत (सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्र) फुकट आणि गुप्त असते, १०९७ वर फोन करून जवळचं केंद्र विचारता येतं. मुलींनो, जिना चढताना धाप लागते, केस गळतात, सारखं थकल्यासारखं वाटतं, तर "परीक्षेचं टेन्शन" म्हणून सोडून देऊ नका, हिमोग्लोबिन बघा.

स्टेप ५: डोक्याचं काय

यावर जरा जास्त लिहिणार आहे कारण खिडकीवर मला हेच जास्त दिसतं. हजेरी कमी भरलेल्यांच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलं म्हणून मुलगा येतो, मी विचारते लेक्चरला का नाही बसलास रे, तो म्हणतो "असंच". हे "असंच" म्हणणारे पुढच्या सेमिस्टरला बहुतेक चार केटी (राहिलेले विषय) घेऊन परत येतात. आळशी असतीलही काही, पण सगळे नक्कीच नसतात. दोन-तीन आठवडे झोप नाही, नाहीतर उठवतच नाही, जेवण जात नाही, मित्रांचे फोन उचलत नाही, आधी आवडणाऱ्या गोष्टीत पण जीव लागत नाही, असं चाललंय तर कोणाशी तरी बोलायची वेळ झालीय.

सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे १४४१६, टेली मानस. केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. घरात भिंती पातळ असतील, मुंबईत कुणाच्या जाड आहेत, तर तलावपाळीला चक्कर मारत बोला किंवा पाम बीचला जाऊन बोला. समोर जाऊन भेटायचं असेल तर ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली संस्था.

कोणाकडे जायचं यात गोंधळ होतो म्हणून सांगते. काउन्सेलर आणि सायकॉलॉजिस्ट बोलून मदत करतात, गोळ्या देत नाहीत. गोळ्या देतो सायकियाट्रिस्ट, तो डॉक्टर असतो. डिप्रेशनची गोळी चालू झाली की असर दिसायला साधारण दोन ते चार आठवडे जातात, तोपर्यंत "काही होत नाहीये" म्हणून बंद करायची नाही, आणि बरं वाटलं म्हणूनही मनानं सोडायची नाही, दोन्ही डॉक्टरला विचारूनच.

आणि हो, ठाण्याचं मनोरुग्णालय. "याला ठाण्याला पाठवा रे" हे ऐकत आपण मोठे झालोय, त्यामुळे पोरं तिथल्या ओपीडीचं नाव काढलं तरी हसतात. १९०१ चं हॉस्पिटल आहे ते, ओपीडीत जाऊन दाखवून, गोळ्या घेऊन लोक घरी जातात. जवळ पडत असेल आणि खाजगीची फी झेपत नसेल तर मी तरी तिथेच जा म्हणेन.

मित्र म्हणाला "मला जगायचंच नाहीये", तर विषय बदलू नका आणि "असं काय बोलतोस येड्या" पण म्हणू नका. थेट विचारा, स्वतःला काही करायचा विचार आहे का. विचारल्यानं डोक्यात तो विचार घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडायचं नाही, गोळ्या, ब्लेड, असलं काही हाताशी ठेवायचं नाही, १४४१६ लावायचा आणि काही केलेलं असेल तर १०८ (अॅम्ब्युलन्स) किंवा ११२ (इमर्जन्सी). पोलीस केस होईल या भीतीनं लोक हॉस्पिटलला न्यायला उशीर करतात. नोंद होते ती होऊ दे, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की असा माणूस प्रचंड तणावाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही.

स्टेप ६: त्रास देणारा माणूस असेल तर

रॅगिंगला १८००-१८०-५५२२, कॉल फुकट आहे. लैंगिक छळ असेल तर कॉलेजची आयसीसी, म्हणजे अंतर्गत तक्रार समिती, तिथे लेखी तक्रार करायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. समितीतल्या लोकांची नावं नोटीस बोर्डवर लागलेली पाहिजेत, नसतील तर त्याचीच आधी चौकशी करा. स्क्रीनशॉट डिलीट करू नका.

स्टेप ७: मेडिकल कसं जमा करायचं

आता माझ्या खिडकीचा विषय. आजारी पडलात की त्याच आठवड्यात, घरच्यांकडून किंवा मित्राकडून का होईना, मेंटॉरला ईमेल टाका की अमुक तारखेपासून येत नाहीये. व्हॉट्सअॅप चालत नाही, पुढे कोणी मानत नाही. सर्टिफिकेटवर डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर, कधीपासून कधीपर्यंत विश्रांती, सही आणि शिक्का हे चार बघून मगच दवाखान्यातून निघा. सोबत केसपेपर किंवा रिपोर्टची झेरॉक्स लावा, मूळ कागद कधीही देऊ नका. सायकियाट्रिस्टचं सर्टिफिकेट पण तितकंच खरं मेडिकल आहे, आजाराचं नाव ऑफिसात सगळ्यांना कळू नये वाटत असेल तर बंद पाकिटात प्रिन्सिपलच्या नावानं द्या. जमा केल्यावर आवक नंबर टाकलेली पोच घ्या. आणि सेमिस्टर संपायच्या आदल्या दिवशी चार महिन्यांची मेडिकल एकदम आणून टेबलावर ठेवू नका, पंच्याहत्तर टक्के हजेरीची लिस्ट तोपर्यंत वर गेलेली असते आणि मग माझ्या हातात काही उरत नाही.