माती आधी खणा, वाइन मग चाखा

दर मे महिन्यात मी देवगडला घरी आले की वाडीतली एक-दोन पोरं तरी पडवीत येऊन बसतात. कुणाची बारावी झालेली असते, कुणाचं दापोलीला बी.एस्सी. ॲग्री चालू असतं. प्रश्न ठरलेला असतो, "ताई, वाइनच्या क्षेत्रात जायचं तर काय शिकायचं?" त्यांच्या डोळ्यांपुढे ओकची पिंपं आणि काचेचे पेले असतात. मी नऊ वर्षं या कामात आहे आणि त्यातला पुष्कळसा वेळ खड्ड्यात उभं राहण्यात गेला, कमरेइतक्या किंवा छातीइतक्या खोल मातीच्या खड्ड्यात. ज्यांना हे ऐकूनही यावंसं वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितेय.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून पदवी घेतली, मृदविज्ञानात एम.एस्सी. केलं आणि नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीकडच्या एका वायनरीच्या मळ्यावर रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात खड्डा खणायला सांगितला. वरचं दीड वीत काळं, खाली करडा मुरूम, आणि मुरमाच्या फटीफटीत पांढऱ्या गोळ्या. सोबतच्या फोरमननी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली हातात दिली. दोन थेंब टाकले आणि माती फसफसून वर आली, सोडा बाटली उघडल्यासारखी. मी दचकले. आमच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या मातीवर अख्खी बाटली ओतली असती तरी बुडबुडा आला नसता, कारण तिथे चुना उरलेलाच नाही.

गंमत अशी की दोन्ही मातींची आई एकच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. घाटाच्या पलीकडे पाऊस कमी, म्हणून त्या पाषाणाची झीज होताना चुना मागे राहिला आणि फुगणारी चिकण माती तयार झाली. आमच्याकडे लाखो वर्षांच्या पावसाने चुना, पोटॅश, सिलिका सगळं धुऊन समुद्रात नेलं. मागे उरलं लोह आणि ॲल्युमिनियम, तोच जांभा. फ्रान्सिस बुकाननने केरळात हा दगड विटेसारखा तासताना पाहिला आणि १८०७ मध्ये विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट नाव दिलं. आपण त्याचे चिरे काढतो. एकाच आईच्या दोन मुली वेगवेगळ्या घरी वाढल्या, एवढाच फरक.

नव्या माणसाची पहिली चूक मातीच्या चवीची. "या वाइनमध्ये दगडाची चव येते" असं मोठमोठे लोक बोलतात. दगड मुळांतून वर चढून पेल्यात येत नाही. माती वाइनवर काम करते ते मुख्यतः पाण्यातून: वेलीला किती पाणी मिळतं, कधी मिळतं आणि कधी तुटतं. फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी १९९६ ते २००० अशी पाच वर्षं खडीच्या, चिकण आणि वाळूच्या अशा तीन जमिनींवर तीन जाती तपासल्या. २००४ साली निष्कर्ष आला की हवामानाच्या खालोखाल जमीन आणि जात यांचा हात असतो, आणि हवामान असो की जमीन, परिणाम होतो तो मुख्यतः वेलीच्या पाण्याच्या स्थितीतून.

हे वाचताना मला बाबांची कलमं आठवली. ऑक्टोबरात पाऊस लांबला की बाबा म्हणायचे, "पाणी जास्त झाला की कलम पाल्यात जाता, फळात येना नाय." हापूसला मोहोर यायला आधी तहान लागते. द्राक्षवेलीचंही तसंच. पाणी मुबलक असलं की वेल माजते, काड्या लांबतच जातात, घड पानांच्या सावलीत बसतात आणि मणी पाण्याने फुगतात. रेड वाइनला हे फार नडतं, कारण लाल रंग आणि तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो. मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. मण्यात पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरण्याच्या, आधीचे काही आठवडे वेलीला जराशी ओढ बसली तर मणी लहान राहतो आणि शेंडा थांबतो. ही ओढ कुठली जमीन आपणहून देते हे ओळखणं म्हणजेच माझं काम.

पहिल्या वर्षी मी ते चुकवलं. कॅबर्ने सोव्हिन्याँ या रेड वाइनच्या द्राक्षाचा एक उताराचा प्लॉट होता, वर मुरमाड, खाली खोल काळी. मी बारा ठिकाणची माती एका घमेल्यात मिसळली, एक नमुना केला, एक रिपोर्ट आणला आणि सगळ्या प्लॉटला एकाच व्हॉल्व्हवर ठिबक ठेवलं. फेब्रुवारीत वरच्या ओळीतला मणी फोडला तर बी तपकिरी, दाताखाली कुडकुडणारं. खालच्या ओळीत बी हिरवं आणि मणी टपोरा. तरी एकाच दिवशी खुडा झाला. आमच्या वाइनमेकर सरांनी मात्र वरच्या आणि खालच्या भागाचे थोडे क्रेट बाजूला काढून वेगवेगळे आंबवले होते. जूनमध्ये त्यांनी दोन पेले समोर ठेवले. एकात जांभळाच्या सालीसारखा गडद, तुरट, नीट बांधलेला रस. दुसऱ्याला नाक लावताच कापलेली ढोबळी मिरची. कॅबर्नेत तो वास देणारं द्रव्य मुळातच असतं. ऊन आणि तहान मिळाली की कमी होतं, सावलीत वाढलेल्या माजलेल्या वेलीत टिकून राहतं. सर म्हणाले, "हा वरचा मुरूम, हा खालचा गाळ. तुझा रिपोर्ट यातल्या कुठल्या जमिनीचा होता?"

कुठल्याच जमिनीचा नव्हता. दोन जमिनींची सरासरी काढली की तिसरीच जमीन कागदावर तयार होते, ती शिवारात नसते. पुढच्या वर्षी व्हॉल्व्ह वेगळे केले, खालच्या भागात ओळींमध्ये गवत वाढू दिलं म्हणजे तेही पाणी ओढेल, आणि खुडा दहा दिवसांच्या अंतराने केला. तिसऱ्या वर्षी वरचा मुरूम वायनरीच्या मुख्य रेडमध्ये गेला. त्या बाटलीची गेल्या काही वर्षांतली जी ओळख आहे, तिचा मोठा भाग त्या अर्ध्या प्लॉटचा आहे. एखाद्या वायनरीची 'खास' रेड बहुतेक अशीच सापडते, कुणीतरी दोन तुकडे वेगळे ठेवून चाखले म्हणून.

मग काळी माती वाईट का? नाही, आणि हा निष्कर्ष घाईने काढू नका. बोर्दोच्या पोमेरोल भागातली पेत्रूस ही जगातल्या सर्वांत महागड्या रेड वाइनपैकी एक; ती मर्लो या द्राक्षाची आहे आणि फुगणाऱ्या निळसर चिकण मातीवर येते. आपल्या काळ्या मातीतली चिकण खनिजं त्याच कुळातली. ती माती पाणी धरते, पण मुळांना सहज सोडत नाही. नदीच्या दुसऱ्या बाजूला मेदोकमध्ये खडी आहे, पाणी झटकन निचरतं, जमीन लवकर तापते, म्हणून उशिरा पिकणारं कॅबर्ने तिथे पिकतं. ऑस्ट्रेलियातल्या कूनावाराची माती तर आपल्या अंगणासारखी लालभडक, तीही कॅबर्नेसाठी नावाजलेली. मात्र तिच्याखाली चुनखडक आहे आणि आपल्याखाली कातळ. रंग लोहाचा असतो, तेवढ्यावरून वेलीचं नशीब कळत नाही.

रंगावरून आठवलं. आईच्या हातचं कोकमाचं आगळ वाटीत घ्या आणि चिमूटभर खायचा सोडा टाका. लालबुंद रंग बघता बघता मळकट जांभळा होतो. द्राक्षाच्या सालीतला रंग त्याच घराण्यातला, आंबटपणा असेल तोवर लाल. काळ्या जमिनीत पोटॅश सहसा भरपूर असतो, वेल तो उचलते, रसाचं आम्ल त्याच्याशी बांधलं जातं आणि पीएच चढतो. रेड वाइनचा पीएच ३.५ च्या आसपास असला की रंग झळाळतो, ३.८ च्या पुढे गेला की रंग मंदावतो आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. म्हणून माती परीक्षणात पोटॅश 'भरपूर' आला की खायची (टेबल) द्राक्षं पिकवणारे खूश होतात आणि आम्ही काळजीत पडतो. हा धडा मला कुठल्याही वर्गापेक्षा आगळाच्या वाटीने जास्त पक्का शिकवला.

मातीचा आवाज दाबणारी एक गोष्ट म्हणजे खुंट, ज्याच्या मुळांवर द्राक्षाचं कलम बांधतात तो. महाराष्ट्रात डॉगरिज खुंट खूप लावला गेला. क्षार आणि दुष्काळ सोसतो, पण जोम फार. खोल काळ्या जमिनीत डॉगरिजवरचं कॅबर्ने आवरणं कठीण. ११०-आर त्या मानाने शहाणा. मुलाखतीला जाल तिथे "खुंट कोणता आहे?" हा प्रश्न तुम्ही आधी विचारा, समोरचा माणूस तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहील.

"मग इथे कोकणातच का नाही लावत?" हेही पोरं विचारतात. किनाऱ्यावर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, दमट हवा, केवडा आणि भुरी या रोगांना मोकळं अंगण, आणि नाशिकला डिसेंबर-जानेवारीत जशा कोरड्या गार रात्री मिळतात तशा इथे नाहीत. वाइनच्या द्राक्षासाठी हा प्रदेश नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगते. पण इथली पोरं या कामाला चांगली, कारण कातळात सुरुंग लावून खड्डा करायचा, त्यात आणलेली माती भरायची आणि त्यावर कलम जगवायचं, हे त्यांनी घरी पाहिलेलं असतं. मुळाला जागा किती हवी हे त्यांना शिकवावं लागत नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर कृषी पदवी, पुढे मृदविज्ञान किंवा उद्यानविद्या हा मळ्याचा रस्ता. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. प्रबंधाचं काम तिथे करता आलं तर सोडू नका. टाकीकडचा, म्हणजे वाइन बनवण्याचा रस्ता हवा असेल तर मांजरीतच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, तिथे वाइन आणि मद्यार्क तंत्रज्ञान शिकवतात. चाखण्याचे कोर्स नंतर करा.

इंटर्नशिप जानेवारी ते मार्चमध्येच मागा. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची फळछाटणीही पाहायला हवीच, पण खुड्याच्या दिवसांत जमीन आणि टाकी यांच्यात एकाच दिवसाचं अंतर असतं. पहाटे ज्या ओळीतला घड खुडला त्याचा रस दुपारी जिभेवर येतो. सोबत वही ठेवा. वाफसा असताना मातीचा गोळा ओला करून अंगठ्याने पट्टी काढायची सवय लावा. पट्टी किती लांब येते त्यावर चिकणपणा कळतो. पांढरी मुळी कुठल्या खोलीवर थांबली ते टेपने मोजा. आणि आंबणाऱ्या टाकीत डोकं घालू नका. तिथला कार्बन डायऑक्साइड माणूस मारतो.

तोवर घरी बसून राहायची गरज नाही. जवळच्या चिरेखाणीवर जा, मालकाला विचारून कडेला उभे राहा. एवढा मोठा, सरळ कापलेला मातीचा खड्डा कृषी विद्यापीठातही कुणी खणून देणार नाही. वर वीतभर माती, मग कडक जांभा, त्याखाली भोकाभोकांचा मऊ थर, आणि अगदी तळाला पिवळट-पांढरी माती. झाडाचं मूळ कुठल्या भेगेतून किती खाली गेलंय ते शोधा. पेन्सिलीने वहीत त्याचं चित्र काढा, प्रत्येक थराची जाडी लिहा, आणि खाली तारखेसोबत शेवटचा पाऊस कधी पडला होता तेही लिहा.