बडोद्यात बनवलेलं डिझाइन रजिस्टर कसं करायचं

मकरपुरा जीआयडीसीत आपली बरीच मराठी मंडळी नळ, दिवे, हँडल असलं काय काय बनवतात, आणि नवीन आकार तयार झाला की पहिलं काम काय तर फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डीलरला. प्लीज हे करू नका, आधी अर्ज! अर्जाच्या आधी डिझाइन बाहेर आलं की ते नवं राहत नाही आणि मग रजिस्ट्रेशन मिळणं अवघड होतं.

डिझाइन कायदा 2000 चा आहे, त्यात फक्त डोळ्याला दिसणारं रूप येतं, म्हणजे आकार, नक्षी, रेषा-रंगांची मांडणी. नळ आतून कसा चालतो ते पेटंटचं काम, लोगो ट्रेडमार्कमध्ये.

अर्ज फॉर्म 1 वर, ऑनलाइन होतो, तपासणी कोलकात्याच्या पेटंट ऑफिसात. स्वतःच्या नावाने केला तर फी 1000 रुपये. वस्तूचा लोकार्नो क्लास, म्हणजे डिझाइनसाठीच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीतला वस्तूचा गट, नीट शोधा. सगळ्या बाजूंची चित्रं स्पष्ट द्या, समोरून, मागून, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी आणि एक तिरकी, कारण पुढे कोणी नक्कल केली तर तुलना ह्या चित्रांशीच होते, म्हणून इथे कंजूषी नको. नवेपणा कशात आहे तेही लिहा. आक्षेप आला तर लगेच उत्तर द्या, अर्जापासून 6 महिन्यांत तो मिटवावा लागतो.

हक्क 10 वर्षं, मुदत संपायच्या आत फी भरली की अजून 5. नक्कल करणाऱ्यावर दावा जिल्हा कोर्टात टाकता येतो, पोलिसात धावून उपयोग नाही.